चिंधी, चीवर आणि आपण
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला 'धम्म आणि समाज' असा विषय दिला होता. परंतु त्यावर बोलणारे विद्वान येथे बसलेले आहेत. आम्ही पडलो गिरणी कामगार. नाईट स्कूलमध्ये दहावी केली, बाकी काय ते वाचनालयात आणि मोर्च्यात शिकलो. आम्हाला कळते ते सूत आणि कापड. म्हणून आज आम्ही कपड्यावर बोलणार आहोत, आणि तेही जुन्या कपड्यावर. मागे काही तरुण हसताहेत. हसा, पण ऐका.

आमचे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. पुढे 1990 साली आम्हीही बदली म्हणून त्याच खात्यात लागलो. आपली बहुतेक माणसं रिंग खात्यातच का, हे लहानपणी आम्हाला कळत नव्हतं. साळखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्याला पूर्वी घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे आणि आपली थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. म्हणजे सूत आपण काढायचं, पण कापड विणायचं नाही! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनवाल्यांपुढे उघड मांडला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण कापडाशी आपलं नातं सरळ कधीच नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलेलं आहे की चांडाळांनी मेलेल्या माणसाचे कपडे घालावेत. कोणी म्हणेल, पुस्तकात असेल, प्रत्यक्षात काय? आमची आजी प्रत्यक्ष सांगायची. गावात मयत झालं की मढ्यावरचं कापड महारवाड्यात यायचं, आणि तो आपला 'हक्क' म्हणायचा! 1956 नंतर आमच्या आजीने ते बंद केलं. एवढंच नाही, तर ज्याचा मालक माहीत नाही असं कोणतंही कापड तिने पुढे अंगाला लावलं नाही. दारावर बोहारीण भांडी घेऊन आली, की आजी म्हणायची, आपले जुने दे, पण तिच्या बोचक्यातलं काही घेऊ नको.

तीच आजी गोधडी शिवायला बसली, की चिंधीचा एक तुकडा वाया जाऊ देत नसे. घरातल्या माणसांची लुगडी, सदरे, आमची झबली, सगळं एकावर एक अंथरून कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत जायची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच भावंडं एका गोधडीखाली झोपलो. आपल्या अंगावरचं जुनं निराळं आणि दुसऱ्याने फेकलेलं जुनं निराळं, हा तिचा हिशेब होता. फार वर्षं आम्हीही तोच हिशेब धरून बसलो होतो.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही तेरा वर्षांचे. घरात पगार येणं थांबलं. पुढच्या वर्षी 14 एप्रिल आली. भीमजयंतीला नवे कपडे नाहीत असं आमच्या घरी कधी झालं नव्हतं. आईने वडिलांच्या जुन्या दोन पँटी घेतल्या आणि ब्लेडच्या पात्याने टाका न् टाका उसवला. आम्हाला वाटलं, आता काय राहिलं यात? गुडघ्यावर कापड विरलेलं, बसायच्या जागी चकाकी आलेली. आईने ते तुकडे दिव्यासमोर धरले. जिथून उजेड जास्त दिसला तिथे खडूने फुली मारली. फुल्या टाळून, आतली न विटलेली बाजू वर घेऊन, दोन पँटींत दोघा भावांच्या अर्ध्या चड्ड्या बसवल्या. सदऱ्याची कॉलर झिजली होती, ती काढून उलटी लावली. वडिलांच्या पांढऱ्या धोतराचे तिघी बहिणींना झगे केले, वर नीळ दिली.

मिरवणुकीत एक मुलगा आम्हाला म्हणाला, "बापाची उतरण घातली रे!" आम्ही रडत घरी आलो. आई काही बोलली नाही. वडील म्हणाले, "बापाची म्हणाला ना? मग दुसऱ्याची नाही." आणि पुन्हा मिरवणुकीत पाठवलं.

पुढे वाचन वाढलं तेव्हा धम्माच्या ग्रंथांत आम्हाला हीच शिवण सापडली. सुरुवातीला भिक्खू पांसुकूल चीवर नेसत. पांसुकूल म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेलं कापड. ते उचलायचं, धुवायचं, कापायचं, शिवायचं, रंगवायचं. पुढे वैद्य जीवकाने उत्तम वस्त्र दान दिलं तेव्हा भगवंतांनी गृहस्थांनी दिलेलं चीवर घ्यायलाही परवानगी दिली. पण कापून जोडण्याची रीत तशीच राहिली. मगध देशातील शेतं, त्यांचे बांध आणि वाफे पाहून भगवंतांनी आनंदाला विचारलं की असं चीवर करता येईल का? आनंदाने तसं शिवून दाखवलं. आज भन्तेजींच्या अंगावरचं चीवर नीट बघा, त्यात भाताच्या खाचरांसारखे पट्टे दिसतील. असं कापलेलं वस्त्र चोरालाही नकोसं होतं, हाही त्यातला एक उपयोग सांगितला आहे.

विनयपिटकात आणखी एक प्रसंग आहे, तो आमच्या भगिनींना फार आवडेल. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजा चिडला. एवढ्या वस्त्रांचं हा भिक्खू करणार काय, दुकान टाकणार? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुनी पांघरुणं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवर अंथरायला. ती जुनी झाली तर? पाय पुसायला. पायपुसणी फाटली तर? धूळ झटकायला. आणि ती फडकी संपली तर? बारीक कुटून चिखलात मळू आणि जमीन सारवू. राजाने आणखी पाचशे दिली! आमच्या आजीने हे कुठे वाचलं होतं? तिला तर अक्षरओळखही नव्हती.

आता जे सांगायचं ते सांगतो, कारण त्यात आमची चूक आहे. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, आमची गिरणी थांबली ती थांबलीच. वस्तीत हाताला काम नाही. अशा वेळी एका सोसायटीतून टेम्पोभर जुने कपडे विहाराच्या दारात आणून टाकले. कोणाला विचारलं नाही, धुतलेले नाहीत, आतले कपडेसुद्धा त्यात! आमचं डोकं फिरलं. मढ्यावरचं कापड नाकारलेल्या आजीचा आम्ही नातू. आम्ही कमिटीत ठामपणे म्हणालो की हे सगळं परत करा. चांगले दोन तास वाद झाला. शेवटी महिला मंडळातील एक भगिनी म्हणाल्या, "दादा, तुम्ही देणाऱ्याकडे बघताय. जरा कापडाकडे बघा ना." आम्ही रागाने घरी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर त्यांनी गाठोडी सोडून निवड केली होती. घाण होतं ते वेगळं बांधून, चिठ्ठी लावून परत पाठवायला ठेवलं. सुती चादरी आणि सदरे गरम पाण्यात उकळले. चार घरच्या चार मशीन विहारात आणल्या आणि तोंडाचे मास्क शिवायला बसल्या. कापड बघून आमचा हात आपोआप पुढे गेला. सूत चांगलं होतं, हो! आम्ही त्या दिवशी नाड्या कापायला बसलो. एक गोष्ट मात्र आम्ही धरून ठेवली आणि ती मंडळाने मान्य केली: आलेलं कापड जसंच्या तसं कोणाच्या अंगावर जाणार नाही. आधी उसवायचं, धुवायचं, कापायचं, मगच आपलं करायचं. आजीला हे पटलं असतं की नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. अजूनही कधीकधी रात्री तो टेम्पो आठवतो.

त्यातूनच आपला शिवणवर्ग सुरू झाला. येणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी. कात्री घेऊन शिवण कापू नका, उसवा. आत दाबलेलं कापड कोरं असतं, तेच कामाला येतं. जुन्या कापडाला नव्या कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नका. नवं धुतल्यावर आटतं आणि जुन्याला कडेने फाडतं. लावायचंच तर आधी दोन-तीन वेळा धुऊन घ्या. लुगडं नेहमी मध्ये विरतं, पदर आणि काठ शाबूत राहतात. आपल्या आया मधला विरलेला भाग काढून दोन चांगले तुकडे जोडत आणि त्याला 'दंड घालणे' म्हणत. हा शब्दच आता पोरींना माहीत नाही. चादरीलाही तो चालतो. टेरीकॉटची गोधडी करू नका, ती घाम शोषत नाही आणि अंगावरून घसरते. त्याच्या पिशव्या करा.

आणि मुलग्यांनीही यायचं. मशीन चालवणं हे बायकी काम असतं तर गिरण्यांच्या साच्यांवर इतकी वर्षं पुरुष कशाला उभे राहिले असते?

महाडला डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी आपल्या महिलांना सांगितलं होतं की लुगडं वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, ठिगळं असली तर असू द्या, पण स्वच्छ ठेवा. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. त्यातले किती कपडे नवे होते आणि किती घरी उसवून शिवलेले होते, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ज्यांच्या घरी त्या वेळचा एखादा सदरा, एखादी साडी ट्रंकेत असेल त्यांनी ती फेकू नका, बोहारणीला तर मुळीच देऊ नका. आमच्या आजीची साडी आईने गोधडीत घातली. ती गोधडी आम्ही आज इथे आणली आहे, भाषण झाल्यावर बघा. डाव्या कोपऱ्यातला पांढरा तुकडा त्या साडीचा आहे.

वर्ग रविवारी दुपारी तीनला, विहाराच्या मागच्या खोलीत. दोन मशीन चालू आहेत, तिसरीचा पट्टा तुटलाय. कोणाकडे जुना असेल तर आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!