मावशींनी चित्र वाचलं



आमच्या गटाच्या बैठकीत एकदा भज्यांच्या पुडीचा कागद हातोहात फिरला. त्यावर व्यंगचित्र होतं. पहिल्या चौकटीत पुढारी म्हातारीच्या पाया पडतोय. दुसऱ्या चौकटीत तो खुर्चीवर बसलाय आणि म्हातारी हात जोडून खाली उभी आहे. आम्ही शिकलेल्या बाया तेलकट कागदावरची अक्षरं लावत बसलो. तोवर अंगठा उठवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, मत द्यायच्या आधी अन् मत दिल्यानंतर!"

चित्र वाचायला शाळा लागत नाही. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बहुतेक मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि पेटीवर चिन्ह होतं. बैलजोडी, झोपडी, दिवा अशी घरातली, शेतातली चिन्हं. आपल्या आज्यांनी चित्र ओळखूनच मत दिलं.

व्यंगचित्रकारही अशाच ओळखीच्या वस्तू घेतो. खुर्ची म्हणजे सत्ता. जोडलेले हात म्हणजे मताची गरज. रस्त्यातला खड्डा म्हणजे न पाळलेला शब्द. आर. के. लक्ष्मण यांनी 'कॉमन मॅन', म्हणजे सामान्य माणूस, अशाच साध्या रेषांत उभा केला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. निवडणुका येतात, सरकारं बदलतात, तो सगळं बघतो. बोलत मात्र नाही. पुण्यात त्याचा पुतळाही आहे.

पण चित्र काढणाऱ्यालाही स्वतःचं मत असतं. म्हणून चित्रावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. आम्ही आता बैठकीत तीन प्रश्न विचारतो. कोणाला मोठं काढलंय आणि कोणाला लहान? कोणती वस्तू दाखवलीय, ती कशाबद्दल बोलते? आणि या चित्रात कोण नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एकच येतं: बाई. पाणी आपण भरतो, रेशनच्या रांगेत आपण उभ्या राहतो, मतही देतो. तरी चित्रात आपण नसतो, आणि मत कोणाला द्यायचं ते घरातलं दुसरंच कोणी ठरवतं.

कॉमन मॅन गप्प राहतो. आपण गप्प राहून चालणार नाही. परवा एक उमेदवार मावशींच्या पाया पडायला वाकला. मावशींनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "लेकरा, आधी नळाचं सांग. पाया नंतर पड."

पुढच्या बैठकीला पासबुकासोबत एखादं व्यंगचित्र आणा. मिळून वाचू.