आतड्याचा बांध



कसबा बावड्यात आमच्या गल्लीत एक पोरगा होता. ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि पुढं ड्रायव्हर झाला. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर त्याच्या फेऱ्या असत. गावी आला की आमच्या कट्ट्यावर बसायचा, 'भाई, नवीन काय लिहिलं?' म्हणून विचारायचा. मग त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं गल्लीला कळलं. त्यानंतर तो आला तेव्हा मी चहा दिला, पण तो कप नंतर बाजूला ठेवला. पुढच्या खेपेला त्याच कपात चहा आला आणि त्यानं ओळखलं. 'भाई, आज चहा नको,' एवढंच म्हणाला.

२००३च्या पावसाळ्यात तो गेला. जुलाब थांबत नव्हते, अंगावर मांस उरलं नव्हतं. सरकारनं मोफत औषधं द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ पासून.

मी बी. ए. झालेला माणूस, विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण हा रोग रक्तातला, मग पोट का ढासळतं, हा प्रश्न मनातून जाईना. वाचत गेलो, तर उत्तर माकडांपाशी सापडलं.

एचआयव्हीचा एक भाऊबंद आहे, एसआयव्ही. तो मूळचा आफ्रिकेतल्या माकडांचा. आपल्याकडच्या माकडांत तो निसर्गतः नाही. पण पोलिओच्या लसीसाठी आणि संशोधनासाठी उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडं वर्षानुवर्षं अमेरिकेला जात. १९७८ मध्ये भारतानं ही निर्यात बंद केली. तिथल्या प्रयोगशाळांत वाढलेल्या त्यांच्या वंशजांना हा विषाणू बाधला, की ती एड्ससारख्या आजारानं खंगतात.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या माकडांची आतडी तपासली. रक्तात फारसा फरक दिसण्याआधीच आतड्यातल्या सीडी-फोर पेशी झपाट्यानं नाहीशा झाल्या होत्या. या पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार, आणि त्यांची मोठी वस्ती आतड्यातच असते.

आतड्याचं अस्तर हा एक बांध आहे. जाडी अवघी एका पेशीची. अलीकडं रक्त, पलीकडं कोट्यवधी जिवाणू. ऊसवाल्या शेतकऱ्याला ठाऊक असतं, खेकड्यानं बांध पोखरला की वरून काही दिसत नाही, पण पाणी झिरपत राहतं. इथंही तसंच होतं. राखणदार गेले, की पेशींचे सांधे सैल होतात आणि जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात. हे २००६ मध्ये माणसांत आणि माकडांत दोन्हीकडं दाखवलं गेलं. मग शरीर सतत लढाईच्या पवित्र्यात राहतं आणि लढून लढूनच थकतं.

गंमत अशी, की आफ्रिकेतल्या सूटी मँगबी जातीच्या माकडांच्या रक्तात हाच विषाणू मुबलक असतो, तरी ती बहुधा ठणठणीत असतात. त्यांच्या आतड्याचा बांध शाबूत राहतो. म्हणजे नुसता विषाणू किती आहे यावर सगळं ठरत नाही. बांध टिकला की नाही, यावरही बरंच ठरतं.

म्हणून औषध लवकर सुरू करण्याला महत्त्व आहे. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण आतड्याची झीज भरून यायला फार वेळ लागतो, काहींची पुरती भरतही नाही. २०१७ पासून आपल्याकडं धोरण असं आहे, की लागण आढळली की पेशी किती उरल्या याची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराकडं जात नाही.

चहाच्या कपातून तर तो कधीच जात नव्हता. हे त्या काळीही डॉक्टर सांगत होते, भिंतींवर लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. तरी कप बाजूला ठेवला.

आज तुमच्या गल्लीत असं कुणी असेल, तर त्याला तपासणीला आणि औषधाला सरकारी केंद्रात घेऊन जा. जाण्याआधी घरी बोलवा, चहा द्या. घरातल्या कुठल्याही कपात द्या.