उद्याच्या डर्बीचा अंदाज

उद्या फेब्रुवारीचा पहिला रविवार. प्रतिवर्षीच्या रिवाजाप्रमाणे मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर उद्या इंडियन डर्बी व्हायची आहे, आणि आज रात्री या शहरातल्या कितीतरी घरांत, कुठे दिवाणखान्यातल्या मेजावर तर कुठे चाळीच्या गॅलरीतल्या बाकावर, रेसकार्ड उघडे पडलेले असेल, त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत असतील आणि अमुक घोड्याचा दम व तमुक घोडीची चाल यांविषयी मोठ्या आवेशाने वाद चाललेले असतील. त्या वादात चार शब्द घालावेत म्हणून मी आज आपल्यापुढे आलो आहे. घोड्यांची नावे मात्र मी घेणार नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळी एखादा घोडा पायाने अधू झाला म्हणून मागे घेतला जातो, ऐनवेळी जॉकी बदलतो, आणि आदल्या रात्री सांगितलेले नाव दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरते. म्हणून अंदाज कशाच्या आधारावर बांधावा, कोणत्या शर्यतीत बांधावा आणि कोणत्या शर्यतीत मुळीच बांधू नये, एवढे सांगितले तर ते श्रोत्यांच्या अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

घोड्यांच्या शर्यतीचा अंदाज म्हणजे निव्वळ नशिबाचा कौल, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही, आणि हे केवळ माझे मत नव्हे. १९९६ सालच्या जानेवारीत के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादन केले की, घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वेकरून कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे कुल, त्याला मिळालेले शिक्षण, स्वाराचे कसब आणि शर्यतीचे स्वरूप यांचा विचार करून निर्णय करणारा मनुष्य फासे टाकणाऱ्याहून वेगळा, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. परंतु या निकालाने रेसला जाणाऱ्यावर एक जबाबदारीही आली. कौशल्य म्हटले की अभ्यास आला, आणि ज्याला अभ्यासाची उसंत नाही त्याने शर्यत डोळे भरून पाहावी, घोड्यांच्या सौंदर्याचा आनंद घ्यावा, परंतु घरखर्चातला एक रुपयाही जोखमीत घालू नये, असे मी कळकळीने सांगतो.

आता मुख्य विषयाकडे येतो. रेसकार्डात प्रत्येक घोड्याच्या नावापुढे वजनाचा एक आकडा छापलेला असतो. नवखा मनुष्य त्याकडे दुर्लक्ष करतो. जाणता मनुष्य प्रथम तोच पाहतो. दिवसाच्या कार्यक्रमातल्या बहुतेक शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात, आणि हँडिकॅपर या नावाचा, शर्यती भरवणाऱ्या क्लबचा एक अधिकारी प्रत्येक घोड्याच्या आजवरच्या कामगिरीचा तपशील तपासून त्याची प्रत अंकांत ठरवीत असतो. एका अंकाला अर्धा किलो, असा आपल्याकडचा हिशेब आहे. म्हणजे ज्या दोन घोड्यांत दहा अंकांचे अंतर आहे त्यांपैकी वरचढ घोड्याच्या पाठीवर पाच किलो अधिक भार येतो. स्वार वजनाने कमी भरला तर खोगिराखाली शिशाचे पत्रे घालून ती तूट भरून काढतात, आणि शर्यतीपूर्वी व शर्यतीनंतर स्वाराला खोगिरासकट काट्यावर रुजू व्हावे लागते. या सगळ्या खटाटोपाचा उद्देश एकच: अव्वल घोडा आणि सामान्य घोडा हे दोघे शेवटच्या खांबाशी बरोबरीने पोहोचावेत. हँडिकॅपर आपल्या कामात शंभर टक्के यशस्वी झाला तर सगळे घोडे एका रेषेत येतील आणि अंदाज नावाची गोष्टच उरणार नाही.

म्हणून हँडिकॅप शर्यतीत ‘अमुक घोडा जिंकेल’ असे जो म्हणतो तो वास्तविक एवढेच म्हणत असतो की, या एका घोड्याच्या बाबतीत हँडिकॅपरचा अदमास थोडा चुकला आहे. कोणता घोडा सर्वांत चांगला, हा प्रश्नच येथे नाही. ते आकड्यांनी आधीच सांगून टाकलेले आहे. कोणत्या घोड्याला त्याच्या खऱ्या योग्यतेपेक्षा कमी वजन मिळाले, हा प्रश्न आहे, आणि शर्यतीच्या अभ्यासाचे सारे मर्म मला तरी या एका प्रश्नात दिसते.

हँडिकॅपरच्या हातातले वजन किती प्रभावी असते याचा एक दाखला देतो. आपले महालक्ष्मीचे मैदान ज्या मेलबर्न शहरातल्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर आखले गेले, त्याच शहरात १९३० सालच्या मेलबर्न कप शर्यतीत फार लॅप हा तांबूस रंगाचा विख्यात घोडा सुमारे साडेबासष्ट किलो भार घेऊन धावला आणि जिंकला. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत त्याच्या पाठीवर अडुसष्ट किलो चढवण्यात आले, आणि ज्याची बरोबरी करणारा घोडा त्या खंडात नव्हता तो फार लॅप आठवा आला. साडेपाच किलो म्हणजे बाजारातून हातात आणायच्या पिशवीएवढे ओझे. परंतु पल्ला जितका लांब तितके ते ओझे अधिक बोलते, आणि शेवटच्या दोनशे मीटरांत ते घोड्याच्या पावलापावलाला जाणवू लागते.

मग हा अदमास चुकतो कुठे? माझ्या पाहण्यात तो मुख्यतः दोन ठिकाणी चुकतो. पहिले ठिकाण म्हणजे झपाट्याने सुधारणारा तरुण घोडा. हँडिकॅपर मागच्या शर्यतीवरून प्रत ठरवतो, आणि वाढत्या वयाचे जनावर चार आठवड्यांत इतके भरते की मागची शर्यत हा त्याचा खरा परिचय राहतच नाही. दुसरे ठिकाण आपल्या पुणे-मुंबईच्या वहिवाटीत दडलेले आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पावसाळ्याच्या सुमारास शर्यती पुण्याला होतात, आणि नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्या मुंबईला होतात. पुण्याच्या पावसाने भिजून मऊ झालेल्या जमिनीत ज्याचे खूर रुततात व ज्याला लय सापडत नाही, असा घोडा तिथे सहावा-सातवा येऊन येऊन अंकांत खाली घसरतो. आणि तोच घोडा मुंबईच्या कोरड्या, टणक हिरवळीवर उतरला की हलक्या वजनानिशी वाऱ्यासारखा सुटतो. उलट, पावसातला पराक्रमी घोडा मुंबईत जड वजन घेऊन येतो आणि लोकांची निराशा करतो. म्हणून कार्डातला मागचा क्रमांक वाचताना तो कोणत्या मैदानावरचा आणि कोणत्या महिन्यातला हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उद्याच्या कार्यक्रमाचे स्थूल स्वरूप यावरून ठरवता येईल. तीन वर्षांच्या, अद्याप एकही शर्यत न जिंकलेल्या शिंगरांची शर्यत असेल तर ती सोडून द्यावी. त्यांतल्या काहींनी मैदान प्रथमच पाहिलेले असते, आणि ज्याची पूर्वपीठिका नाही त्याच्याविषयी अनुमान कसले करायचे? हजार मीटरच्या शर्यतीत सुटण्याच्या क्षणी अडखळलेल्या घोड्याला चूक भरून काढायला अवकाशच नसतो, तेव्हा तिथेही आवरूनच. चौदाशे ते सोळाशे मीटरच्या हँडिकॅपमध्ये मात्र अभ्यासाला पूर्ण वाव आहे. तिथे आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्यापासून आघाडी घेऊन पळणारा घोडा त्या शर्यतीत एकटाच असेल तर तो आपल्या सोयीने वेग राखतो आणि शेवटपर्यंत हाती लागत नाही. तसे तीन घोडे असले तर ते परस्परांना दमवतात, आणि मागून शांतपणे येणाऱ्या चौथ्याचे फावते. बुकींचा भाव हीही एक साक्षच आहे, परंतु ती शेवटी तपासावी. जगभरचा अनुभव असा की लोकांचा आवडता घोडा साधारणतः तीन शर्यतींत एकदा जिंकतो, आणि त्याचा भाव इतका उतरलेला असतो की नेहमी त्याच्याच मागे जाणाऱ्याच्या पदरात अखेर तोटाच येतो.

एवढे सारे घरी बसून करता येते. परंतु मैदानावर गेल्यावर पॅडॉककडे पाठ फिरवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शर्यतीपूर्वी मोतद्दार लगाम धरून घोड्याला रिंगणात फिरवतो ती काही मिनिटे फार मोलाची असतात. आपल्या दख्खनेत अश्वपरीक्षेची परंपरा जुनी. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी मुलूखगिरी केली त्या काळी घोडा विकत घेणारा त्याच्या अंगावरचे शुभाशुभ भोवरे पाहत असे. पॅडॉकशी उभे राहणाऱ्याने भोवरे पाहू नयेत, चालणे पाहावे. घोडा चालताना मागचा खूर पुढच्या पायाच्या ठशाच्या पलीकडे पडतो की अलीकडेच थांबतो, हे पाहावे. पलीकडे पडणारी ऐसपैस, सैल चाल हे अंग मोकळे असल्याचे चिन्ह. कातडी तुकतुकीत आणि बरगड्यांची पुसट रेघ दिसते न दिसते अशी असली तर तालीम पुरी झाली असे समजावे. मानेवर थोडा घाम आला तर मुंबईच्या हवेत त्याचे काही वाटून घेऊ नये, परंतु मागच्या मांड्यांच्या मध्ये घामाचा पांढरा फेस धरलेला दिसला, घोडा मोतद्दाराला सारखा ओढत असला आणि कान मागे दाबून शेपटी फटकारीत असला, तर त्याची निम्मी शक्ती सुटण्याच्या दारापर्यंत जाण्याआधीच खर्च झाली म्हणून समजावे. कार्डावर उत्तम ठरलेल्या घोड्यावरची खूण पॅडॉकमध्ये त्याला पाहून खोडून टाकणे हा मी शहाणपणाचा भाग मानतो. उलटपक्षी, केवळ देखणा दिसला म्हणून नव्या घोड्यावर खूण करणे मात्र टाळावे.

आता डर्बी. इथे आतापर्यंतचे बरेचसे विवेचन बाजूला ठेवावे लागते, कारण डर्बी ही हँडिकॅप शर्यत नव्हे. चार वर्षांच्या घोड्यांची ही शर्यत. नरांना ५७ किलो, माद्यांना ५५.५ किलो, आणि यापलीकडे कोणाला सवलत नाही. हँडिकॅपरचा हात निघून गेल्यामुळे ‘सर्वांत चांगला घोडा कोणता’ हा प्रश्न पुन्हा आपल्या मूळ स्वरूपात उभा राहतो. अंतर २४०० मीटर, वेळ अडीच मिनिटांच्या आसपास. यात उतरणाऱ्या घोड्यांपैकी बहुतेकांची मोठी परीक्षा डिसेंबरातल्या गिनी शर्यतींत झालेली असते, आणि त्या १६०० मीटरच्या. राहिलेल्या आठशे मीटरांविषयी आपल्याजवळ बहुधा प्रत्यक्ष पुरावा नसतो. तिथे घोड्याच्या वंशाला विचारावे लागते. बाप कोणत्या पल्ल्याचा, आणि विशेषतः आईचा बाप कोणत्या पल्ल्याचा, हा मजकूर ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांनीही डर्बीपुरता तो वाचावा. चपळाई पुष्कळांत असते. शेवटचे वळण संपल्यावर, समोर लांबच लांब सरळ मैदान आणि अंगात दम संपत आलेला, अशा वेळी टिकून राहण्याचा गुण रक्तात असावा लागतो.

स्वाराचे महत्त्वही डर्बीत सर्वाधिक. १९४३ साली ही शर्यत प्रथम झाली तेव्हा बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली, आणि तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. पुढे पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी मराठी नावे महालक्ष्मीच्या मैदानावर गाजली. पेसी श्रॉफ यांनी तर जॉकी म्हणून आठ वेळा डर्बी जिंकली. त्यांच्या तोडीच्या स्वाराचे कसब वेग वाढवण्यापेक्षा वेग राखून ठेवण्यात असते. घोडा पुढे धाव घेऊ पाहत असताना लगामावर नुसत्या बोटांनी त्याची समजूत घालून त्याला दोन हजार मीटरपर्यंत शांत ठेवणारा स्वार, चाबकाच्या जोरावर शर्यत जिंकू पाहणाऱ्याहून मला कितीतरी श्रेष्ठ वाटतो. उद्या अशा स्वाराला कोणता घोडा मिळाला आहे हे रेसकार्डात अवश्य पाहावे.

माझा कौल आता सांगतो. माझी पहिली पसंती गिनी जिंकलेल्या घोड्याला नाही. त्या शर्यतीत तिसरा किंवा चौथा आलेला, परंतु शेवटच्या दोनशे मीटरांत पुढच्यांचे अंतर सारखे कापीत आलेला, आईकडून लांब पल्ल्याचे रक्त घेतलेला आणि त्यानंतर निदान एकदा दोन हजार मीटर नीट धावलेला घोडा यादीत असेल, तर त्याला मी पहिल्या जागी ठेवीन. केवळ माद्यांसाठी असलेली ओक्स शर्यत जिंकलेली घोडी उतरणार असेल आणि त्यानंतर तिला पुरेशी विश्रांती मिळालेली असेल, तर ती माझी दुसरी पसंती. हेच अंतर तिने एकदा पार केलेले आहे, आणि दीड किलोची सूट चोवीसशे मीटरांत नगण्य नसते. गिनीच्या विजेत्याला तिसरी जागा. पॅडॉकमध्ये तो शांत दिसला आणि त्याचा भाव बरोबरीच्या वर राहिला तर त्याचा विचार अवश्य करावा. त्याखाली उतरला तर मी तरी त्याच्यावर पैसे लावणार नाही.