वाढ काढा, आतडं राखा



‘कॅन्सर होईल’ या दोन शब्दांनी काय होऊ शकतं, हे बीड जिल्ह्याला सांगायला नको. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अनेकींना हीच भीती घातली गेली होती.

मी पोटाच्या विकारांचा डॉक्टर आहे. मोठ्या आतड्याच्या बाबतीत मला याच्या उलटं दिसतं. इथे भीती कुणी घालत नाही. माणूस स्वतःच गप्प बसतो. शौचावाटे रक्त गेलं की घरातच निदान होतं: मूळव्याध. मग खात्रीशीर इलाजाचा बोर्ड शोधला जातो. अम्मी किंवा खाला तर लाजेने सांगतही नाहीत. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते, पण तपासल्याशिवाय ते ठरत नाही.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेकदा पॉलिपमधून होतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली छोटी वाढ. सगळे पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात, त्यांनाही साधारणपणे दहा वर्षं लागतात. एवढी मुदत फार थोडे कॅन्सर देतात.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून मोठ्या आतड्यातले पॉलिप काढायला सुरुवात केली. पोट फाडावं लागलं नाही. आजही लहान पॉलिप तसाच फासाने कापतात. वाढ पसरट असेल तर तिच्याखाली सलाईन टोचतात. अस्तर फुगून वर येतं, खालचा स्नायू सुरक्षित राहतो, मग फास आवळतात. आणखी मोठी वाढ असेल तर जपानमध्ये विकसित झालेल्या पद्धतीने बारीक सुरीने ती अख्खी सोलून काढतात. त्याला मोठं केंद्र आणि सरावलेला हात लागतो. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. तो आधी समजून घ्या. कॅन्सर खोलवर गेला असेल तर मात्र ऑपरेशनच करावं लागतं.

मग कुणी तपासून घ्यावं? शौचावाटे रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, किंवा कारण न कळता रक्त कमी झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. अब्बा-अम्मी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करा. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे. चौकशी तिथून सुरू करा.

तुम्ही शिकलेली मुलं आहात. घरातलं माणूस दवाखान्यात जाईल तेव्हा सोबत जा आणि तीन प्रश्न विचारा. तपासणीचा अहवाल कुठे आहे? अवयव न काढता फक्त वाढ काढून भागेल का? काढलेला तुकडा तपासायला पाठवला का? गर्भपिशवी असो की आतडं, हे विचारायचा हक्क रुग्णाचा आहे. आधी मात्र घरात रक्ताबद्दल मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. ती सुरुवात तुम्ही करा.