व्हायोलिन वाजविणे आणि व्हायोलिन शिकविणे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



शिक्षणाविषयी काहीही बोला, अशी मुभा आम्हांस देण्यात आली आहे. शाळामास्तराला अशी मुभा देणे धोक्याचे. तो तासाची घंटा विसरतो. म्हणून एकच विषय घेतो, आणि तोही विश्वस्तांपुढे असलेला. महोत्सवी वर्षात व्हायोलिनच्या विद्यार्थ्यासाठी एक शिष्यवृत्ती ठेवावी, असा विचार चालू असल्याचे समजते. विचार उत्तम आहे. ती कोणास द्यावी, एवढ्यापुरतेच आमचे म्हणणे निराळे आहे. स्पर्धेत पहिला येणाऱ्यास ती न देता, जो बऱ्यापैकी वाजवितो आणि पुढे शिकविण्याची ज्यास मनापासून इच्छा आहे, त्याला शिकविण्याचे शिक्षण घेण्यासाठी द्यावी.

बडोद्यात हे सांगावे लागू नये. १८८६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली. घराण्यात जी विद्या मुलालाही पारखून दिली जाई, ती त्यांनी स्वरलेखन करून, पुस्तके छापून वर्गात आणली. मौलाबक्ष मोठे गवई होते, पण बडोदे त्यांचे ऋणी आहे ते शिक्षक म्हणून. पुढे १९४९ साली महाराज सयाजीराव विद्यापीठ झाले, आणि ही शाळा त्याच्या पंखाखाली आली. सूरसागराच्या काठी ती आजही चालू आहे.

आता व्हायोलिनचेच उदाहरण का, ते सांगतो. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर मिळतो. तो चांगला असो वा वाईट, पट्टीचा असतो. सतारीला पडदे आहेत. व्हायोलिनच्या पट्टीवर काहीच नाही. बोट केसभर इकडे तिकडे झाले की सूर गेला, आणि तो गेला हे ज्याला ऐकू येत नाही, त्याला ते सुधारता येत नाही. म्हणजे पहिली दोन वर्षे शिक्षकाचा कान हाच विद्यार्थ्याचा पडदा. जाणता शिक्षक मुलाला हळूच एक खूण दाखवितो. पंचमाच्या तारेवर षड्जाचे बोट अगदी अचूक पडले, तर शेजारची मोकळी षड्जाची तार न छेडता आपोआप थरथरते. मुलाने ती डोळ्यांनी पाहावी. मग गुरुजी घरी गेल्यावरही वाद्यच त्याला शिकवीत राहते. असल्या गोष्टी उत्तम वादकाला माहीत असतातच, पण त्या आपल्याला माहीत आहेत हे तो विसरलेला असतो. त्याचे बोट केव्हाच जागच्या जागी जाते.

गजाचेही तसेच. मुठीजवळ तो जड, टोकाला हलका. नवशिक्याचा गज घोडीपासून घसरत पट्टीकडे जातो आणि आवाज पोकळ होतो. ‘सरळ ओढ’ असे शंभरदा ओरडून तो सरळ होत नाही. कोपर कोठे आहे, मनगट कोठे मोडते, हे पाहावे लागते. समोर आरसा ठेवावा लागतो. त्यातून आपली बैठक जमिनीवरची, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकलेले. डावा हात त्यामुळे मोकळा होतो आणि मींड काढता येते, हे खरे. पण पाऊल चुकीचे ठेवले तर पाठ वाकते, आणि दहा वर्षांच्या मुलाची वाकलेली पाठ पुढे सहजी सरळ होत नाही.

आमच्या शाळेतील एका नऊ वर्षांच्या मुलीस मोठ्या माणसाच्या मापाचे व्हायोलिन देण्यात आले होते. या वाद्यात पाव, अर्धे, पाऊण अशी मापे मिळतात, हे तिच्या आईवडिलांस कोणी सांगितले नव्हते. शिकविणारे गृहस्थ उत्तम वाजवीत. स्वतः वाजवून दाखवीत आणि म्हणत, ‘असे वाजव.’ दीड वर्षात खांदा दुखू लागला आणि व्हायोलिन कपाटावर गेले. मुलीचा कान चांगला होता. वर्गात प्रार्थनेचा सूर तीच धरीत असे.

घराण्याची तालीम आम्ही कमी लेखीत नाही; लेखली तर आमचे बुजुर्ग आम्हांस घरात घेणार नाहीत! पण तिच्यात शागीर्द वर्षानुवर्षे उस्तादांच्या सहवासात असे, आणि चूक सुधारायला दिवस उजाडण्याचीच खोटी. आठवड्यातून दोन तासांच्या वर्गाला ती सवड नाही. तेथे काय आधी आणि काय नंतर, हे ठरविलेलेच असावे लागते. आम्ही बी.एड. करीत असताना पाठाचे टाचण काढून, पाठीमागे बसलेल्या निरीक्षकासमोर सरावपाठ घ्यावे लागले. इतिहास शिकविण्यास हे लागते, तर व्हायोलिनला लागू नये?

जपानात शिनिची सुझुकींनी हे ओळखले. लहान मूल मातृभाषा ऐकून शिकते तसेच वाद्य शिकेल, आधी ऐकू द्या आणि आईलाही धडा द्या, ही त्यांची पद्धत. तिच्यात शिक्षकालाही एकेका पुस्तकाचे शिक्षण क्रमाने घ्यावे लागते, आणि दुसऱ्याचे वर्ग बसून पाहावे लागतात. इतके दूर जायला नको असेल तर गोव्याकडे पाहा. तेथे चर्चच्या शाळांतून मुलांना आधी स्वरवाचन, मग व्हायोलिन अशी परिपाठी होती. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक भरले ते त्यामुळे. त्यांतल्याच अँथनी गोन्सालविसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकविले. आपण ते नाव ऐकतो ते मात्र १९७७ सालच्या एका चित्रपटगीतात.

वाजविणारा आणि शिकविणारा एकच असू शकत नाही, असे कोणी समजू नये. एन. राजम यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांची गायकी गजावर आणली, मैफली गाजविल्या आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात दीर्घकाळ अध्यापनही केले. वि. गो. जोग आणि गजाननराव जोशी यांनीही शिष्य घडविले. पण अशी माणसे आपल्या शिष्यवृत्तीची वाट पाहत नाहीत. आम्ही बोलतो आहोत ते गल्लीतल्या शिक्षकाविषयी, ज्याच्याकडे आपली मुले जाणार आहेत.

तेव्हा आमची सूचना अशी. शिष्यवृत्ती दोन वर्षांची असावी. पहिल्या वर्षी उमेदवाराने एखाद्या अनुभवी गुरूच्या वर्गात केवळ मागे बसून पाहावे आणि टिपणे ठेवावीत. दुसऱ्या वर्षी गुरूच्या देखत पाच-सहा मुलांना शिकवावे. स्वतःचा रियाझ अर्थातच चालू राहील. आणि न्यासाने लहान मापाची चार-पाच व्हायोलिने घेऊन ती ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे मुलांना वापरावयास द्यावीत. मूल वाढले की मोठे घेऊन जावे, धाकटे परत करावे. तारा तुटतात, राळ संपते, गजाचे केस झिजून बदलावे लागतात. तो खर्च खजिनदारांनी आरंभीच अंदाजपत्रकात धरावा, नाहीतर वाद्ये कपाटात राहतील.