खुर्द्याचा हिशेब



गोदाकाठच्या ह्या पटांगणावर मी गेली कित्येक वर्षे उन्हाळ्यात येत आलो आहे. पण ते सतरंजीवर बसून ऐकावयास. ध्वनिक्षेपकाच्या ह्या बाजूला उभे राहण्याचा प्रसंग आज पहिलाच. कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की, मी कामगार कायद्यांवर बोलेन. त्याविषयी मजजवळ बोलण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते मी कारखान्याच्या गेटवर बोलतच असतो. येथे मला एका कादंबरीविषयी बोलावयाचे आहे. विश्वास पाटील ह्यांची 'पानिपत', १९८८ साली निघालेली. आपणांपैकी बहुतेकांनी ती वाचली असेल. मी समीक्षक नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली आणि तेव्हापासून मी विद्यार्थी आहे, एवढेच माझे भांडवल. १८४० पासून ह्या गावात उभे असलेले आपले सार्वजनिक वाचनालय हीच माझी शाळा. तेव्हा एका विद्यार्थ्याने एक पुस्तक कसे वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याला काय आठवले, एवढेच मी सांगणार आहे.

पहिल्यांदा मी ती वाचली १९९४ साली, टाळेबंदीत. कारखाना सातपूरचा, नाव सांगत नाही, कारण भांडण केव्हाच मिटले आहे आणि मालकही आता पूर्वीचे नाहीत. मी चोवीस वर्षांचा होतो, कमिटीत सर्वांत धाकटा, म्हणून माझ्याकडे दोन कामे आली. एक म्हणजे धान्यवाटपाची वही ठेवणे, आणि दुसरे म्हणजे रात्री मांडवात बसणाऱ्यांना काहीतरी वाचून दाखवणे. वर्तमानपत्र दोन तासांत संपे. मग मी वाचनालयातून हे जाडजूड पुस्तक आणले. गेटसमोर ताडपत्रीचा मांडव, शेजारच्या टपरीवाल्याने उसनी दिलेली बत्ती, आणि वीस-पंचवीस माणसे. रोज दहा-बारा पाने व्हायची.

ऐकणाऱ्यांत आमचे एक वयस्क टर्नर होते. त्यांना सगळे आबा म्हणत. उत्तरेकडे कूच, उदगीरचा विजय, दिल्ली घेतली, कुंजपुरा घेतला, हे सर्व आबांनी डोळे मिटून ऐकले. फौज पानिपतला अडकून पडली, तेव्हा मात्र त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "पोरा, शिधा किती दिवसांचा होता त्यांच्यापाशी?"

मला हा प्रश्न सुचला नव्हता. मी तरुण होतो, तलवारीच्या नादात वाचत होतो. परंतु पानिपतचे सारे कोडे ह्या एका प्रश्नात आहे, असे मी आज म्हणेन. १७६० च्या ऑक्टोबरअखेरीस अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठी फौजेचा दिल्लीशी व दक्षिणेशी संबंध तुटला. त्यानंतर लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१ ला. मधले अडीच महिने दोन छावण्या समोरासमोर बसून होत्या, आणि त्या अडीच महिन्यांत खरा लढला तो दाणागोटा. रसद तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. ते डिसेंबरात मारले गेले. जनावरे मेली, मग माणसे. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे कितीतरी अधिक होते. बायका, मुले, यात्रेकरू, वाणी, भिस्ती, मोतद्दार, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी. आपल्या भाषेत त्यांना बाजारबुणगे म्हणतात, आणि तो शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. पराभवाचा दोषही पुष्कळ वेळा त्यांच्याच माथी मारला जातो: ह्यांचे लटांबर नसते तर भाऊंची फौज चपळ राहिली असती. असेल. पण घोड्याला दाणा कोण भरवत होते, हेही पाहिले पाहिजे.

अठराव्या शतकातला सैनिक आणि आमचा कामगार ह्यांची सरसकट तुलना मी करीत नाही. तसे करणारे पुढारी मी ऐकले आहेत आणि त्यांचा मला कंटाळा येतो. टाळेबंदी म्हणजे युद्ध नव्हे. तेथे कोणी कोणाचे डोके उडवीत नाही. पण थांबणे, वाट पाहणे, उसने अवसान आणि रिकामे डबे ह्या गोष्टी दोन्हीकडे असतात. म्हणून ती पाने ऐकताना मांडवात कोणी विडीसुद्धा पेटवली नाही.

भाऊसाहेबांविषयी आमच्यात वाद होत. कादंबरीचा कल त्यांच्या बाजूचा आहे, हे उघड आहे. लहानपणापासून आम्ही ऐकले होते की, भाऊ गर्विष्ठ होते, त्यांनी सूरजमल जाटाचे ऐकले नाही, मल्हाररावांचे ऐकले नाही. मला एका बाबतीत भाऊ मोठे वाटतात, आणि ते कारण कोणत्या इतिहासकाराला कितपत पटेल, मी जाणत नाही. इब्राहिमखान गारदी पगारी पलटणींचा सरदार. त्याच्या पायदळाचा दरमहा रोख पगार. गोल बांधून, तोफांच्या आणि बंदुकांच्या आधाराने, शिस्तीने लढावयाचे, हा त्याचा आग्रह. गनिमी काव्यात वाढलेल्या सरदारांना तो रुचला नाही. भाऊंनी त्याला दिलेला शब्द अखेरपर्यंत पाळला. आणि इब्राहिमखानानेही पाळला. समोरून त्याला धर्माच्या नावाने फोडण्याचा प्रयत्न झाला. तो फुटला नाही, जखमी होऊन पकडला गेला आणि हालहाल होऊन मेला. ते प्रकरण मी वाचले त्या रात्री आमच्यातले फिटर चाचा उठून मांडवाबाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. परत आले तेव्हा म्हणाले, "पुढचे वाच."

दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत भाऊंनी काढून वितळवले, ह्याबद्दल त्यांना आजही बोल लावतात. मी पगाराच्या थकबाकीची भांडणे तीस वर्षे भांडलेला माणूस आहे. त्या छताकडे माझ्याने कलेच्या दृष्टीने पाहवत नाही.

गोल मोडला, तेव्हा मात्र मांडवात खरी खडाजंगी झाली. विंचूरकर आणि गायकवाड गारद्यांची शिस्त सोडून रोहिल्यांवर धावून गेले, आणि मधली फळी उघडी पडली. आता विंचूर आपल्याच जिल्ह्यातले, निफाड तालुक्यातले. आणि आमचे चार जण तिकडचेच. ते म्हणू लागले, विठ्ठल शिवदेव शूर होते, त्यांना समोर शत्रू दिसला, ते थांबणार कसे? बाकीचे म्हणाले, शूर असून काय उपयोग, कमिटीचा ठराव मोडला ना! त्या दिवसापासून आमच्यात कोणी परस्पर मालकाकडे बोलावयास गेला की, "हा विंचुराला गेला" असे म्हणत. बिचाऱ्या विंचूरकरांवर तो अन्यायच होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लढाईचा निकाल नानासाहेब पेशव्यांना कळला तो एका सावकारी पत्रातून. ते मदतीची फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. (निघण्यापूर्वी, १७६० च्या डिसेंबरात, पैठणला त्यांनी आणखी एक लग्न केले होते. पानिपतच्या छावणीत उपासमार चालली होती ते हेच दिवस. आमच्या आबांनी ह्यावर जे उद्गार काढले ते भगिनींसमोर सांगण्यासारखे नाहीत.) वाटेत त्यांच्या हाती लागलेल्या त्या पत्रात सांकेतिक भाषेत कळवले होते की, दोन मोती गेले, काही मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याला गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. ही ओळ महाराष्ट्रात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मीही ती कितीदा तरी भाषणात वापरली आहे, टाळ्याही घेतल्या आहेत.

टाळेबंदी एकशे अकरा दिवसांनी उठली. करार झाला. कायम कामगारांपैकी दोघांना सोडून सर्व परत आत गेले, त्या दोघांची केस पुढे चालली आणि आम्ही ती जिंकली. आमच्या युनियनच्या अहवालात हा विजय म्हणून नोंदलेला आहे, आणि तो विजयच होता. गुलाल उधळला. त्यात मीही होतो.

दुसऱ्यांदा मी 'पानिपत' वाचली ती करोनाच्या साथीत, २०२० साली, घरात बसून. मुंबई-आग्रा रस्त्याने माणसे डोक्यावर बोचकी घेऊन पायी उत्तरेकडे चालली होती. आम्ही युनियनच्या वतीने नाक्यावर पाणी आणि पोळीभाजी वाटत होतो. रात्री घरी येऊन वाचत होतो. आणि त्या सावकारी पत्रापाशी आल्यावर मी पुस्तक मिटले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. १९९४ ची धान्यवाटपाची वही मी जपून ठेवली होती, मला तिचा अभिमान होता. दर आठवड्याचे वाटप, नाव, घरातली माणसे, गहू, तांदूळ, डाळ, तेल, समोर सही नाहीतर अंगठा. एक किलोची चूक नाही. त्या वहीत दोनशे सहा नावे आहेत. सगळी कायम कामगारांची.

कारखान्यात ठेकेदाराची माणसे होती. भट्टीवर कोळसा आणि राख ओढणारी, माल चढवणारी, कँटीनमध्ये भांडी घासणारी. चाळीसएक तरी असतील. टाळेबंदी लागली तशी त्यांचीही रोजी बंद झाली. त्यातली काही पहिले पंधरा दिवस मांडवात येऊन बसत, घोषणा देत, सतरंजी झटकत. धान्याची पहिली खेप आली, तेव्हा कमिटीत प्रश्न निघाला: ह्यांना द्यावयाचे काय? कोणी म्हणाले, ती सभासद नाहीत, वर्गणी भरत नाहीत. त्यांना दिले तर आपल्यांना पुरणार नाही. हिशेबाने ते बरोबर होते. हात वर करून ठराव झाला. माझाही हात वर होता, आणि वही माझ्याकडे होती. त्यानंतर हळूहळू ती माणसे मांडवात दिसेनाशी झाली. करारात त्यांच्याविषयी एक ओळ नव्हती. गेट उघडले तेव्हा ठेकेदार बदलला होता आणि माणसेही बदलली होती. गुलालाच्या दिवशी ती आठवली असतील असे मला वाटत नाही.

ह्यात मालकाचा दोष किती आणि ठेकेदाराचा किती, ते मी येथे काढत बसत नाही. वही माझी होती.

मोत्यांविषयी शोक करू नये, असे मात्र कोणी समजू नये. टाळेबंदी उठल्यानंतरच्या एका रविवारी मी सायकलने आनंदवल्लीवरून गंगापूरला गेलो होतो, मुद्दाम. आनंदवल्ली ही राघोबादादांची; पुढे गंगापूर. तेथे विश्वासरावाच्या आईने, गोपिकाबाईंनी, आपले उतारवय काढले. १७६१ साली जानेवारीत थोरला मुलगा गेला, जूनमध्ये नवरा. पुढे १७७२ त माधवराव, १७७३ त नारायणरावाचा खून. तिन्ही मुलगे गेल्यावरही ती बाई १७८८ पर्यंत जगली. 'विश्वास गेला पानिपतात' असे आपण थट्टेने म्हणतो, आमच्या गेटवर तर रोज म्हणतात. नदीकाठी बसल्यावर ती थट्टा मला काही करवली नाही. मोत्यालाही आई होती. पण खुर्द्यालाही होती, आणि ती कोणत्या नदीकाठी बसली, हे सांगणारा कागद नाही.

अगदीच नाही असे नव्हे. एक नाव राहिले आहे. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते, त्यांना उचलून वाचवले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पखालीने पाणी वाहणारा माणूस. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले, मोठा सरदार केले. पाणी वाहत असताना त्याचे नाव कोणी लिहिले नव्हते. सरदाराला वाचवले म्हणून लिहिले. तसेच हरियाणातल्या रोड समाजात अशी परंपरा सांगतात की, आपले पूर्वज पानिपतातून वाचलेले मराठे होत. इतिहासकार ह्यावर काय ते म्हणोत, त्या समाजाची माणसे १४ जानेवारीला पानिपतच्या काला आंब येथे जमतात. अडीचशे वर्षांनी खुर्दा आपली गणती आपणच करू पाहतो आहे, असे मला ते वाचताना वाटले.

२०२० पासून मी एक उद्योग चालवला आहे. त्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर ठेकेदाराच्या माणसांची नावे आठवून लिहितो. जुन्या सोबत्यांना विचारतो. सतरा नावे मिळाली आहेत. त्यातली पाच नुसती हाक मारण्याची नावे आहेत, आडनाव नाही. दोघे वारले असे कळले. एक पेठ तालुक्यात आपल्या गावी शेती करतो. त्याला जाऊन भेटलो. त्याने चहा दिला, टाळेबंदीविषयी काही बोलला नाही, आणि निघताना म्हणाला, "साहेब, तुम्ही मांडवात वाचायचात ना, ते भाऊसाहेबांचे पुढे काय झाले?" तो पंधरा दिवसांतच निघून गेला होता. कुंजपुऱ्यापर्यंतच ऐकले होते त्याने. मी त्याला उरलेले सांगितले. एक तास लागला.

माझी वेळ झाली आहे, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. एक विनंती करतो. येथे बसलेल्यांपैकी कोणी, किंवा आपल्या ओळखीचे कोणी, १९९४ च्या सुमारास सातपूरला ठेकेदाराकडे भट्टीवर किंवा कँटीनला कामास असेल, तर सभा संपल्यावर मला भेटावे. मी येथेच पायरीवर बसतो. वही बरोबर आणली आहे.