पाण्याचा जमाखर्च



१९७२ चा दुष्काळ मी बालपणी पाहिला. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेही पाहिले. दोष केवळ पर्जन्याचा नव्हे. आपण विहिरी बुजू दिल्या व विंधनविहिरी खोल नेल्या. माझ्या दारी विंधनविहीर झाली आणि दोन वर्षांत शेजाऱ्याचा आड आटला. हा अपराध मी येथे कबूल करतो. हिवरे बाजारने शेतीसाठी विंधनविहिरींवर बंदी घातली व पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली. आपणही यंदा स्नेहभोजनाचा खर्च वाचवून मंडळाच्या जुन्या विहिरीतील गाळ काढावा आणि तिचे पाणी सर्वांस मोकळे करावे, अशी माझी नम्र विनंती आहे. तहानेला ज्ञात नसते.